खर्पुडी, 6-बीए आणि बाटलीतलं रोप: टिश्यू कल्चर सोप्या भाषेत

सटाणा, देवळा, मालेगावकडे डाळिंब लावणाऱ्या माणसाला टिश्यू कल्चर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भगवा या डाळिंबाच्या वाणाची टिश्यूची रोपं ट्रेमध्ये येतात, सगळी एका उंचीची, आणि किंमत ऐकली की गुटी कलमाची रोपं लावणारा शेजारी जरा हसतो. जळगावकडचे केळीवाले तर कधीपासून याच रोपांवर आहेत. पण हे रोप लॅबमध्ये नेमकं होतं कसं, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘बाटलीत करतात’ इथवर येऊन थांबतं.

बाटलीत करतात हे खरंच आहे. पण बाटलीत काय करतात, आणि ज्या झाडाला बाजारात गिऱ्हाईकच नाही अशा एखाद्या दुर्मीळ औषधी झाडासाठी हीच पद्धत वापरली तर काय साधतं आणि काय साधत नाही, ते या लेखात बघू. उदाहरण आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं घेतलंय: अंजनेरीची खर्पुडी.

नाशिकहून त्र्यंबककडे जाताना साधारण 20 किलोमीटरवर अंजनेरीचा डोंगर लागतो. उंची सुमारे 4200 फूट. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक वर जातात, पावसाळ्यात ट्रेकिंगवाले जातात. वरच्या पठारावर खडकांच्या सांध्यांत जी चार बोटं माती साचते, तिच्यात खर्पुडीची एक जात उगवते. शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका. 2006 मध्ये ती नवी जात म्हणून नोंदवली गेली आणि डोंगराचंच नाव तिला मिळालं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. एस. आर. यादव हे ती नोंदवणाऱ्यांपैकी एक. सह्याद्रीतल्या खर्पुड्यांवर त्यांच्याइतकं काम फार थोड्यांनी केलंय. अभ्यासक या जातीला अतिसंकटग्रस्त मानतात. 2017 मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. डोंगरावर रस्ता न्यायची कल्पना निघाली तेव्हा गिधाडांबरोबर या खर्पुडीचंही नाव विरोधाच्या बाजूने पुढे आलं होतं.

खर्पुडीच्या भावंडांपैकी बऱ्याच जणी वेली आहेत. ही मात्र सरळ उभी वाढते. जूनमध्ये जमिनीतल्या कंदातून कोंब वर येतो, पावसाळ्यात फुलं येतात, पाऊस सरला की वरचा सगळा भाग वाळून जातो. पुढचे सात-आठ महिने झाड म्हणजे फक्त जमिनीखालचा कंद. फुलं कंदिलाच्या आकाराची, म्हणून या गटाला कंदीलपुष्प असंही म्हणतात. या फुलाचं परागीभवन म्हणजे एक सापळाच आहे. वासाने बारीक माशी आत शिरते, नळीतले खाली वळलेले केस तिला मागे फिरू देत नाहीत, फूल कोमेजू लागलं की केस सैल पडतात आणि माशी परागांची पुडी घेऊन बाहेर पडते. तीच माशी पुन्हा दुसऱ्या झाडाच्या फुलात अडकली तरच शेंग धरायची आशा. शेंगा कमी धरतात यात नवल नाही. ही रुईच्याच कुळातली वनस्पती, त्यामुळे बियांना रेशमी केसांचा झुपका असतो आणि त्या वाऱ्यावर जातात. वाऱ्याने नेऊन कातळावर टाकलेल्या बीचं पुढे काही होत नाही.

आता औषधीपणाकडे. खर्पुडीचे कंद लोक खातात. गुराखी पोरं उकरून कच्चेच खातात, साळिंदर आणि रानडुक्करही सोडत नाहीत. याच गटातल्या सेरोपेजिया बल्बोसाचे कंद जुलाब-आव यांसारख्या पोटाच्या तक्रारींवर आणि ताकदीसाठी वापरले जातात. सेरोपेजिया जुन्सिया या दुसऱ्या एका जातीतून सेरपेजिन नावाचं अल्कलॉइड वेगळं काढलेलं आहे. म्हणजे औषध आणि खाऊ दोन्ही कंदात, आणि कंद काढला की झाड संपलं. हिरड्याची फळं वेचली तर झाड जागेवर राहतं, खर्पुडीत तशी सोय नाही.

‘औषधी’ हा शिक्का झाडाच्या भल्याचा असतोच असं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. ते 1966 मध्ये एका चिनी झाडात सापडलं आणि पुढे त्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं तयार झाली. नरक्यातही तेच द्रव्य आहे हे 1972 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्याआधी नरक्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. मग लाकडाला भाव आला आणि कुऱ्हाडी चालल्या. म्हणून दुर्मीळ झाडाची नेमकी जागा मोबाइलवरच्या फोटोसकट जाहीर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग बी गोळा करून रोपवाटिकेत टाकायचं, सोपं काम, असं कोणीही म्हणेल. शेंगाच मोजक्या असतात, हा पहिला अडथळा. दुसरं, ज्या जातीची झाडं मुळातच थोडी उरलीत, तिचं निसर्गात पडणारं सगळं बी आपणच उचललं तर डोंगरावर काय राहिलं? काडी लावून बघायची तर बारीक, रसाळ काड्या पावसाळी ओलीत सडतात आणि एका झाडाला काड्या तरी असतात किती. इथे टिश्यू कल्चर, पुस्तकी मराठीत ऊतिसंवर्धन, उपयोगी पडतं. खोडाचा एखादा डोळा मिळाला तरी त्यातून शेकडो रोपं करता येतात, आणि त्यासाठी कंदाला हात लावावा लागत नाही. मातृरोप डोंगरावर जिवंत राहतं. माझ्या दृष्टीने या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच. रोपांचा आकडा त्यानंतरचा.

हे शक्य कसं होतं? वनस्पतीच्या जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीत अख्खं झाड उभारण्याची माहिती असते, आणि योग्य परिस्थिती मिळाली तर ती पेशी ते करून दाखवू शकते. ही कल्पना हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1902 मध्ये मांडली. त्याला स्वतःला ते जमलं नाही. 1958 मध्ये स्टीवर्डने गाजराच्या मुळाच्या पेशींपासून अख्खी गाजराची रोपं वाढवून दाखवली. दरम्यान 1957 मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर काम करताना एक गोष्ट शोधली, जिच्यावर आजही प्रत्येक लॅब चालते. सायटोकायनिन आणि ऑक्सिन ही झाडाची वाढ ठरवणारी संप्रेरकं. सायटोकायनिन जास्त आणि ऑक्सिन कमी दिलं तर फुटवे निघतात, उलट केलं तर मुळं, आणि दोन्हीचं प्रमाण मध्ये कुठेतरी ठेवलं तर पेशींचा नुसता गोळा वाढतो. त्या गोळ्याला कॅलस म्हणतात.

सायटोकायनिन म्हटलं की कॉलेजचं पुस्तक आठवतं. पण पिंपळगाव-निफाडकडचा द्राक्षबागायतदार 6-बीए हे सायटोकायनिनच वर्षानुवर्षं वापरतोय. लॅबमध्ये ज्याला बीएपी म्हणतात ते तेच. फरक प्रमाणाचा. बाटलीत ते साधारण लिटरला 1 ते 2 मिलिग्रॅम इतकंच जातं. मुळं फुटण्यासाठी वापरतात ते आयबीए हे ऑक्सिन म्हणजे छाटकलमं लावणाऱ्या नर्सरीवाल्यांच्या मूळ फुटवायच्या पावडरीतलं द्रव्य. आणि बाटलीतलं खाद्य? ते 1962 मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूसाठी ठरवलं. त्याला एमएस माध्यम म्हणतात आणि आजही बहुतेक झाडांसाठी सुरुवात त्यानेच होते. त्याची यादी वाचली तर कृषी सेवा केंद्राचं बिल वाचल्यासारखं वाटेल. पोटॅशियम नायट्रेट लिटरला 1.9 ग्रॅम, म्हणजे आपलं 13:00:45 हे खत. मोनोपोटॅशियम फॉस्फेट 0.17 ग्रॅम, म्हणजे 00:52:34. अमोनियम नायट्रेट 1.65 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड, मग लोह, बोरॉन, झिंक ही सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि थोडी जीवनसत्त्वं. ड्रिपच्या टाकीत जे सोडता त्यातलं निम्मंअधिक इथे आहे.

ड्रिपमध्ये नसतात अशा दोन गोष्टी म्हणजे अगार आणि साखर. अगार समुद्री शेवाळापासून मिळतं, लिटरला साधारण 8 ग्रॅम टाकलं की द्रावण जेलीसारखं घट्ट होतं आणि रोप त्यात उभं राहतं. साखर लिटरला 30 ग्रॅम. रोपाला साखर कशाला, ते तर उन्हावर स्वतःचं अन्न करतं? बाटलीत नाही करत, किंवा फार कमी करतं. ट्यूबलाइटचा उजेड मंद, झाकण लावलेल्या बाटलीत हवा मर्यादित. म्हणून आयतं जेवण. सगळं मिसळून आम्लता (पीएच) 5.8 वर आणायची, कारण त्याहून फार खाली गेली तर अगार नीट घट्ट होत नाही आणि फार वर गेली तर काही अन्नद्रव्यं रोपाला मिळत नाहीत.

अडचण अशी की 3 टक्के साखर, ओल आणि 25 अंश तापमान हे बुरशीलाही फार आवडतं. बुरशीचा एक कण बाटलीत गेला तर आठवडाभरात रोप पांढऱ्या-काळ्या लोकरीखाली दिसेनासं होतं. म्हणून टिश्यू कल्चर लॅबमधली बरीचशी मेहनत रोप वाढवण्यापेक्षा बाकी काही वाढू न देण्यात जाते. माध्यम भरलेल्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात. हा म्हणजे घरच्या कुकरचा थोरला भाऊ: 121 अंश तापमान, 15 पौंड दाब, 15 ते 20 मिनिटं. पुढचं काम लॅमिनार नावाच्या टेबलावर, जिथे गाळून आलेली हवा सतत काम करणाऱ्याच्या दिशेने वाहत असते. तिथला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो. चिमटा, ब्लेड दर वेळी ज्वाळेत धरून किंवा गरम मण्यांत खुपसून निर्जंतुक करायचे. काम करणारे बहुतेक जण तिथे बोलतही नाहीत, तोंडातूनही जंतू जातातच.

बाटल्या-अवजारांना उकळून घेता येतं. झाडाच्या डोळ्याला कसं उकळणार? तो डोंगरावरून आलाय, जुलै-ऑगस्टच्या पावसात भिजलाय, चिखलाचे शिंतोडे उडालेत. खर्पुडी वर असते तीच मुळी पावसाळ्यात, म्हणजे हवेत बुरशीचे बीजाणू सगळ्यात जास्त तेव्हाच. त्यामुळे समजदार लोक थेट डोंगरावरचा डोळा बाटलीत घालत नाहीत. आधी परवानगी घेऊन थोड्या बिया किंवा एखादी काडी आणायची, शेडमध्ये कुंडीत स्वच्छ जोपासायची, वरून पाणी न मारता मातीलाच द्यायचं, आणि मग त्या कुंडीतल्या रोपाचे डोळे घ्यायचे. पेरासकट सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तुकडा. नळाखाली बराच वेळ धुवायचा, साबणासारख्या द्रावणाचे थेंब टाकून हलवायचा, कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात ठेवायचा, आणि शेवटी लॅमिनारवर 0.1 टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये काही मिनिटं. हा पाऱ्याचा विषारी क्षार आहे. वेळ कमी पडला तर बुरशी वाचते, जास्त झाला तर डोळा मरतो, आणि बरोबर वेळ प्रत्येक झाडाची, कधी कधी प्रत्येक ऋतूची वेगळी. पाऱ्याची विल्हेवाट ही आणखी एक डोकेदुखी, म्हणून अनेक जण आता ब्लीचच्या द्रावणावर, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटवर, भागवायला बघतात. त्यानंतर निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा धुऊन तुकडा माध्यमात उभा करायचा.

पहिल्या फेरीतल्या बऱ्याच बाटल्या फेकाव्या लागतात. नवख्या विद्यार्थ्यांचा धीर इथेच सुटतो. दुर्मीळ झाडाच्या बाबतीत तर प्रत्येक फेकलेला तुकडा मोजून आणलेला असतो. कापलेल्या जागेतून काही झाडं तपकिरी द्रव सोडतात आणि स्वतःच्याच स्रावाने काळवंडतात. त्यावर अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल किंवा क जीवनसत्त्व माध्यमात टाकतात.

जो तुकडा तगला त्याच्या डोळ्यातून दोन-तीन आठवड्यांत कोंब फुटतो. बीएपी असल्यामुळे एकाऐवजी अनेक. महिनाभराने ते सुटे करून नव्या बाटल्यांत लावायचे, याला सबकल्चर म्हणतात. हिशेब करून बघा: एका कोंबाचे महिन्याला चार झाले असं धरलं तर सहा महिन्यांत 4096. बारा महिन्यांत आकडा दीड कोटीच्या पुढे जातो. कागदावर. प्रत्यक्षात काही बाटल्या बुरशीत जातात, काही कोंब काचेसारखे पारदर्शक आणि पाणचट होतात, काही नुसतेच थांबून राहतात. तरीही एका डोळ्यापासून वर्षभरात हजारभर रोपं ही अनेक झाडांच्या बाबतीत अशक्य गोष्ट नाही.

रोपं कुठून फुटतात याला महत्त्व आहे. पानाच्या तुकड्यापासून कॅलस करून त्यातूनही रोपं काढता येतात, कधी कधी जास्त मिळतात. पण कॅलसमधून आलेल्या रोपांत छोटेमोठे जनुकीय बदल होण्याची शक्यता वाढते. अशा बदलांना लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी 1981 मध्ये सोमाक्लोनल व्हेरिएशन असं नाव दिलं. नवं वाण शोधणाऱ्याला ते हवंच असतं. जी जात आहे तशी टिकवायची आहे तिथे ते नको. म्हणून संवर्धनासाठी सरळ डोळ्यातून फुटवे घेतात, कॅलसच्या वाटेने जात नाहीत, आणि अधूनमधून डीएनए तपासून मातृरोपाशी ताडून बघतात. आपल्या व्यापारी रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणीकरण व्यवस्था 2006 पासून आहे. त्यात विषाणूमुक्तता आणि जनुकीय एकसारखेपणा दोन्ही तपासतात. डाळिंबाचं रोप घेताना त्याचा दाखला मागायला हरकत नाही. मात्र टिश्यूचं रोप म्हणजे तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग येणार नाही असा अर्थ कोणी काढू नये. रोप स्वच्छ येतं, पुढे बागेत जिवाणू असला तर लागण होतेच.

खर्पुडीची एक खास सोय आहे आणि मला या सगळ्या विषयात ती सगळ्यात गमतीची वाटते. या गटातल्या जातींना बाटलीत साखर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट दिली की कोंबांच्या बुडाशी छोटे कंद धरतात. सूक्ष्मकंद. डोंगरावर कंद हा उन्हाळा काढण्यासाठीचा साठा असतो, बाटलीत भरपूर साखर मिळाली की रोप तोच साठा करायला घेतं. बाटलीतच फुलं आल्याच्याही नोंदी आहेत. फुलांवरून आठवलं, बाटलीत फुलण्याचा सगळ्यात गाजलेला प्रकार आपल्याकडचाच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रजनी नाडगौडा, डॉ. मस्कारेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांबूला बाटलीत फुलं आणून दाखवली. रानात जो बांबू फुलायला दशकं घेतो तो तिथे काही महिन्यांत फुलला. 1990 मध्ये ते काम ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं.

सूक्ष्मकंदाचा उपयोग कळण्यासाठी आधी हार्डनिंग, म्हणजे बाटलीतलं रोप बाहेरच्या हवेला सरावणं, कळायला हवं. बाटलीतल्या रोपाने कधी कोरडी हवा बघितलेली नसते. आत आर्द्रता जवळजवळ शंभर टक्के, त्यामुळे पानावर मेणाचा थर धड तयारच होत नाही आणि पानांची छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटायचं शिकलेली नसतात. असं रोप एप्रिलच्या दुपारी नाशिकच्या हवेत बाहेर काढलं तर तासाभरात माना टाकतं. मुळंही अगारमध्ये वाढलेली, नाजूक, केस नसलेली. म्हणून पहिल्यांदा मुळांना चिकटलेलं अगार कोमट पाण्यात अगदी स्वच्छ धुवायचं, कारण त्यात साखर असते आणि मातीतली बुरशी वाटच बघत असते. मग निर्जंतुक कोकोपीट आणि वाळू, वर प्लॅस्टिकचं आवरण, रोज थोडं जास्त उघडायचं. तीन-चार आठवड्यांनी शेडनेट, मग हळूहळू ऊन. लॅबमध्ये हजार रोपं तयार झाली ही बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, हार्डनिंगनंतर किती राहिली? तो आकडा बातमीत बहुधा नसतो.

सूक्ष्मकंद असला तर ही कसरत बरीच कमी होते. कंद बाटलीतून काढला, धुतला, कोरड्या वाळूत ठेवला, जूनच्या पहिल्या पावसात कुंडीत लावला, की नवा कोंब थेट बाहेरच्या हवेतच जन्मतो. त्याची पानं सुरुवातीपासून बाहेरची. बाटलीतली नाजूक पानं जगवायचा प्रश्नच उरत नाही. एक चूक मात्र हौशी माणसांकडून हमखास होते. ऑक्टोबरच्या सुमाराला रोप पिवळं पडून वाळतं, माणूस घाबरून पाणी वाढवतो आणि झोपेला गेलेला कंद सडतो. वाळणं हे त्याचं नेहमीचं वेळापत्रक आहे. तेव्हा पाणी बंद करायचं आणि कुंडी उचलून कोरड्या सावलीत ठेवायची.

इथपर्यंत सगळं तंत्र. ते अवघड आहे, पण माहितीचं आहे, आणि पैसे-वेळ दिला तर जमतं. खरी मेख पुढे आहे.

समजा एका मातृरोपाच्या एका डोळ्यापासून आपण हजार खर्पुड्या केल्या आणि अंजनेरीवर लावल्या. मोजणीत हजार झाडं वाढली. निसर्गाच्या दृष्टीने एकच झाड हजार ठिकाणी उभं आहे. एखादी कीड किंवा रोग त्या झाडाला झेपणारा नसेल तर हजारांना झेपणारा नाही. त्याहून बारीक गोष्ट अशी की रुईच्या या कुळातल्या अनेक वनस्पतींत स्वतःच्याच परागाने फळ धरत नाही. क्लोन, म्हणजे एकाच झाडाच्या हुबेहूब नकला, एकमेकांसाठी ‘स्वतः’च असतात. खर्पुडीही तशीच असेल तर माशीने कितीही इमानाने पुडी इकडून तिकडे नेली तरी शेंग धरणार नाही. डाळिंबाच्या बागेत सगळी झाडं एकसारखी असावीत यासाठी आपण पैसे मोजतो, आणि तिथे तेच बरोबर आहे. जंगलात परत लावायच्या रोपांबाबत हिशेब नेमका उलटा. तिथे शंभर वेगवेगळ्या मातृरोपांची दहा-दहा रोपं ही एका मातृरोपाच्या हजार रोपांपेक्षा कितीतरी मोलाची.

त्यामुळे चांगल्या कामाची खूण आकड्यात नसते, लेबलांत असते. प्रत्येक बाटलीवर कोणतं मातृरोप, कोणत्या जागेवरचं, कितवं सबकल्चर हे लिहिलेलं हवं. शक्य असेल तिथे डोळ्याऐवजी बीपासून सुरुवात केलेली बरी, कारण प्रत्येक बी हा वेगळा जीव असतो. एका शेंगेतल्या वीस बियांपासून वीस ओळी सुरू करून प्रत्येकीचे थोडे-थोडे फुटवे घेतले तर संख्या आणि वैविध्य दोन्ही काही प्रमाणात हाती लागतं. सबकल्चरही अमर्याद वेळा करू नये, फेऱ्या वाढल्या की बदल साचत जातात. दीर्घ काळासाठी बाटल्या सांभाळत बसण्यापेक्षा काही जातींच्या कोंबांची टोकं द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवता येतात. तिथे पेशींचं वय थांबतं, आणि दर महिन्याचं सबकल्चरही वाचतं.

लावायचं कुठे हाही प्रश्न आहेच. अंजनेरीची रोपं हरिश्चंद्रगडावर नेऊन लावली तर चांगलंच नाही का? नाही. तिथे सेरोपेजिया लॉवी ही तिची जवळची नातलग राहते. खर्पुड्यांच्या काही जातींचा आपसात संकर होतो हे प्रयोगांत दिसलंय. दोन वेगळ्या जाती वाचवायला निघालो आणि तिसरीच मिसळ उभी केली असं व्हायला नको. रोप शक्यतो आपल्याच डोंगरावर, आपल्यासारख्याच खडकाच्या सांध्यात, पाऊस लागून माती मुरल्यावर. आणि ज्या कारणाने झाड तिथून कमी झालं ते कारण अजून तिथेच असेल, म्हणजे गुरांची वर्दळ, पायवाट सोडून पठारभर फिरणारी गर्दी, वणवे, कंद उकरणं, तर नव्या रोपांचं भवितव्य जुन्यांहून वेगळं नाही. 2027 च्या सिंहस्थात त्र्यंबकला येणाऱ्या गर्दीतला छोटा हिस्सा जरी पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर चढला तर काय होईल, याचा विचार लॅबने नव्हे, प्रशासनाने करायचा आहे. माझं मत विचाराल तर पठारावर आखलेली एक पायवाट आणि वणव्यावर नजर ठेवणारी गावातली चार माणसं यांच्यावरचा खर्च बाटल्यांच्या खर्चाच्या आधी यायला हवा.

पुनर्रोपण यशस्वी झालं असं कधी म्हणायचं? लावलेलं रोप एक पावसाळा जगलं हे पुरेसं नाही. ते दुसऱ्या जूनला पुन्हा कंदातून वर यायला हवं, त्याला फूल यायला हवं, शेंग धरायला हवी, आणि त्या बीतून माणसाच्या हाताशिवाय एखादं रोप उगवायला हवं. याला चार-पाच वर्षं सहज लागतात. आपल्याकडचे प्रकल्प बहुतेक तीन वर्षांचे असतात, त्यामुळे मोजणी नेमकी शेंग धरायच्या आधी संपते.

सगळ्याच औषधी झाडांची गोष्ट इतकी नाजूक नाही. सफेद मुसळीचं बघा. मुंबईच्या बोरिवलीवरून तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम पडलं. पावसाच्या सुरुवातीला सुरगाणा-पेठकडे या गटातल्या झाडांच्या कोवळ्या पानांची फोडशीची भाजी करतात, पानं खुडल्याने झाड मरत नाही. पण मुसळी म्हणून मुळं विकायला लागली की अख्खा गड्डा उपटला जातो, पुष्कळदा बी पक्व व्हायच्या आत. बी उगवतंही कमी. लागवड करायची तर मुळ्या-डोळ्यासकट गड्ड्याचे तुकडे लावावे लागतात, म्हणजे विकायच्या मालातलाच एक भाग बियाणं म्हणून बाजूला काढायचा. इथे टिश्यू कल्चर सरळ कामाचं आहे. बियाण्यासाठी लागणारा गड्डा वाचतो, एकसारखं रोप मिळतं, आणि शेतातला माल आला की रानातल्या गड्ड्यांवरचा ताण काही प्रमाणात उतरतो. मुसळी शेतात लावायची आहे, त्यामुळे एकसारखेपणा चालतो. औषधात मात्र मुसळीतल्या सॅपोनिन या द्रव्याचं प्रमाण महत्त्वाचं, आणि ते वाणाबरोबरच जमीन, पाणी, काढणीची वेळ यावरही बदलतं. म्हणून टिश्यूचं रोप म्हणजे आपोआप जास्त गुणाची मुसळी, असा दावा कोणी करत असेल तर प्रयोगशाळेतला तपासणीचा कागद मागावा.

हे घरी करता येईल का, असं काही जण विचारतात. ऑर्किडचे हौशी लोक काचेच्या पेटीत, प्रेशर कुकर वापरून करतात, तेव्हा तंत्र म्हणून अशक्य नाही. सुरुवात करायची तर आफ्रिकन व्हायोलेटचं पान किंवा बटाट्याचा डोळा घ्या, मर्क्युरिक क्लोराइडच्या वाटेला जाऊ नका, ब्लीच पुरतं. अंजनेरीवरून काही आणायचा विचार मात्र करू नका. राखीव क्षेत्रातून झाडाचा तुकडा उचलायला वन विभागाची परवानगी लागते, आणि व्यापारासाठी जैविक संसाधन वापरायचं तर जैवविविधता कायदा 2002 नुसार राज्य जैवविविधता मंडळाशी गाठ पडते. मंडळाचं कार्यालय नागपूरला आहे.